अनेकवचनी आज्ञा : संगणक-समूहाच्या आज्ञाभाषेची चिकित्सा

१

आज्ञार्थाचा विचार करताना व्याकरणकारांसमोर बहुधा एक ठरावीक प्रसंग असतो : एक सांगणारा, त्याच्या समोर एक ऐकणारा, आणि दोघांनाही दिसणारी एखादी वस्तू. ‘दार लाव’ असे म्हणणाऱ्याला दार कोणते हे सांगावे लागत नाही, कोणाला सांगितले याविषयी संशय उरत नाही, आणि दार लागले की नाही हे विचारण्याचेही कारण पडत नाही. आज्ञार्थाचे रूप इतके आखूड असते, धातूच्या मूळ रूपापलीकडे त्यात बहुधा फारसे काही नसते, याचे कारण हेच होय. जे शब्दांत सांगितलेले नाही ते प्रसंग पुरवितो.

हा प्रसंगच काढून घेतला तर आज्ञार्थाचे काय होते? सांगणारा एका खोलीत बसला आहे. ऐकणारे शेकडो असून ते दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या खंडात आहेत. आणि ज्या वस्तूविषयी आज्ञा द्यावयाची ती कोणालाच दिसत नाही. असा प्रसंग आज नित्याचा झाला आहे. १९९४ साली अमेरिकेतील नासाच्या गॉडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग व डोनल्ड बेकर यांनी साधे, बाजारात मिळणारे १६ प्रक्रियक एकत्र जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा समूह उभा केला. तेव्हापासून मोठी गणिते एका प्रचंड यंत्राकडून करवून घेण्याऐवजी अनेक सामान्य यंत्रांच्या समूहाकडून करवून घेण्याचा प्रघात पडला. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ हाही अशा समूहांपैकीच एक. या समूहांची व्यवस्था पाहणारा मनुष्य आपल्या जागेवरून एक ओळ लिहितो आणि ती ओळ शेकडो यंत्रांवर आज्ञा म्हणून पाळली जाते.

या कामाच्या साधनांचे परीक्षण वेग आणि सुरक्षितता या दोन अंगांनी पुष्कळ झाले आहे. परंतु ही साधने मुळात भाषा आहेत. त्यांत वक्ता आहे, श्रोते आहेत, क्रियापद आहे, वचनाचा प्रश्न आहे आणि उत्तराचाही आहे. तेव्हा भाषा या दृष्टीने ती कितपत समर्थ आहेत, हे पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही. तसे पाहू गेल्यास असे दिसते की, या क्षेत्रात घडलेले मोठे अपघात बहुतांशी यंत्राच्या दुबळेपणातून उद्भवलेले नसून, आज्ञेने जे न बोलता सोडून दिले त्यातून उद्भवले आहेत.

२

दूरच्या यंत्राला आज्ञा देण्याची सोय प्रथम सर्वत्र पसरली ती बर्कली येथील युनिक्सच्या १९८३ सालच्या आवृत्तीतून. ‘आरएसएच’ हे त्या साधनाचे नाव. त्याचा सारा भर विश्वासावर होता. विशिष्ट नावाच्या यंत्राकडून आलेली आज्ञा खरी मानावयाची, अशी नोंद करून ठेवली की पुढे कोणी काही विचारीत नसे. आणि बोलणे सगळे उघड्यावर चाले. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जाळ्यातून कोणी संकेतशब्द चोरून ऐकल्यावर तेथील टाटू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ रचले. त्यात बोलणे गुप्त झाले, आणि बोलणारा तोच आहे व ऐकणारे यंत्रही तेच आहे, याची खातरजमा दोन्ही बाजूंनी होऊ लागली. ‘कोण कोणास बोलतो’ या प्रश्नाला या क्षेत्रात मिळालेले हे पहिले समाधानकारक उत्तर होय.

‘कोठून बोलतो’ हा प्रश्न मात्र तसाच राहिला. दूर पाठविलेली आज्ञा म्हणजे निरोप; आणि निरोपात ‘मी’, ‘येथे’, ‘आपले’ हे शब्द नेहमीच घोटाळा करतात. ‘रामाला सांग की मी येतो’ या वाक्यातला ‘मी’ सांगणाऱ्याचा आहे. ‘राम म्हणाला की मी येतो’ यातला ‘मी’ रामाचा आहे. मराठी बोलणारा प्रसंगावरून हा भेद सहज ओळखतो. यंत्र तो ओळखीत नाही. त्याला तो अवतरणचिन्हांनी सांगावा लागतो. आज्ञेत ‘या यंत्राचे नाव’ असा अर्थ असणारे पद दुहेरी अवतरणात घातले, तर निरोप निघण्यापूर्वीच जवळचे यंत्र त्या जागी स्वतःचे नाव भरून मोकळे होते, आणि मग दूरची शंभर यंत्रे एका सुरात ते एकच नाव उच्चारतात. तेच पद एकेरी अवतरणात घातले, तर ते जसेच्या तसे पलीकडे पोचते आणि प्रत्येक यंत्र आपापले नाव सांगते. ‘सर्व फाइली’ या अर्थाच्या तारकाचिन्हाचीही हीच गत आहे. अवतरणात न ठेवलेले चिन्ह जवळच्या फाइलींच्या नावांत रूपांतरित होते, आणि मग ती नावे दूरच्या यंत्रावर पुसून टाकण्याच्या यादीत जाऊन बसतात. व्याकरणदृष्ट्या हा दोष सूक्ष्म आहे. परिणामाच्या दृष्टीने तो सूक्ष्म नाही.

याहून गंभीर प्रकार घडतो तो दूरच्या यंत्रात ‘जाऊन बसल्यावर’. तेथे शिरल्यानंतर पुढील प्रत्येक आज्ञा ‘येथे’ या गृहीतावर दिली जाते. हे ‘येथे’ कोणते, हे ओळीच्या आरंभी असलेल्या नाममुद्रेवरून तेवढे कळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेच्या माहितीसाठ्याची दुरुस्ती चालू असताना एका अभियंत्याला दुय्यम यंत्रावरील माहितीची जागा रिकामी करावयाची होती. आज्ञा बिनचूक होती. ती दिली गेली मुख्य यंत्रावर. दोन यंत्रांच्या नावांत फरक एका अंकाचा. चूक ध्यानात येऊन हात आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीपैकी जेमतेम ४.५ जीबी शिल्लक राहिली होती, आणि अखेरीस सुमारे सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. पुढे जे उपाय ठरविण्यात आले त्यांत ओळीच्या आरंभीची नाममुद्रा यंत्रायंत्रांत ठळक भेद दाखवील अशी करणे, हाही एक होता. ‘येथे’ म्हणजे कोठे हे प्रसंगावर सोपविता येत नाही, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

३

आता वचनाचा प्रश्न. मराठी आज्ञार्थाला वचन आहे : ‘कर’ आणि ‘करा’. ‘करा’ हे रूप अनेकांसाठी येते तसेच एका आदरणीय व्यक्तीसाठीही येते, त्यामुळे ते संदिग्ध आहे. तरी काही भेद तरी तेथे आहे. शेलच्या आज्ञाभाषेतील क्रियापदाला काळ नाही, पुरुष नाही आणि वचनही नाही. पुसण्याची आज्ञा एका यंत्रासाठी जशी दिसते तशीच हजारांसाठी दिसते. वचन जर कोठे असेल तर ते क्रियापदाच्या बाहेर, पत्त्यात असते.

अनेक यंत्रांना एकाच आज्ञेने संबोधण्याचा सर्वांत भोळा मार्ग म्हणजे नावांची यादी करून ती एकेक वाचणे आणि प्रत्येक नावाला आज्ञा देणे. या मार्गात नवशिक्यांना हटकून सापडणारा एक खड्डा आहे. यादी ज्या प्रवाहातून वाचली जाते त्याच प्रवाहातून एसएसएच हे साधन दूरच्या यंत्रासाठी मजकूर उचलते. परिणामी पहिले यंत्र आज्ञा पाळते आणि उरलेल्या सर्वांची नावे स्वतःला सांगितलेला मजकूर समजून गिळून टाकते. काम ‘झाले’ असे दिसते. प्रत्यक्षात ते एकाच ठिकाणी झालेले असते. संबोधन कोठे संपले आणि संदेश कोठे सुरू झाला, ही सीमा आखलेली नसल्याचा हा परिणाम आहे.

अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेले ‘पीडीएसएच’ आणि फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात रचलेले ‘क्लस्टरशेल’ ही साधने या बाबतीत पुष्कळ पुढची आहेत. त्यांनी अनेकवचनाला स्वतःचे चिन्ह दिले. चौकोनी कंसात १ ते १०० असे लिहिले की त्या क्रमांकांची सर्व यंत्रे संबोधिली जातात. काही वगळावयाची असल्यास तसेही सांगता येते. आज्ञा कोणाला, हे आज्ञेच्याच ओळीत स्पष्ट होऊ लागले. ही भाषेच्या दृष्टीने खरी प्रगती होय.

परंतु हे अनेकवचन कोणत्या जातीचे? ‘मुलांनी दगड उचलला’ आणि ‘मुलांनी एकेक दगड उचलला’ यांत जो भेद आहे तोच येथे विचारात घ्यावा लागतो. पहिल्यात समुदाय मिळून एक क्रिया करतो. दुसऱ्यात क्रिया प्रत्येकी वाटली जाते. समूहाला दिलेली आज्ञा वरून पाहता पहिल्या जातीची वाटते, पण वस्तुतः ती दुसऱ्या जातीची असते. साधन त्या एका वाक्याची शंभर एकवचनी वाक्ये करते आणि तीही एकदम सोडीत नाही. पीडीएसएच ठरावाप्रमाणे एका वेळी ३२ यंत्रांशी बोलते, क्लस्टरशेल ६४ यंत्रांशी. म्हणजे काही काळ समूहातील काही यंत्रे आज्ञेच्या अलीकडे असतात आणि काही पलीकडे. ‘समूहाने आज्ञा पाळली’ हे वाक्य त्या काळात खरेही नसते आणि खोटेही नसते.

ही मधली अवस्था किती महागात पडते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात दिसले. नाइट कॅपिटल या पेढीने आपल्या आठ यंत्रांवर नवी प्रणाली टप्प्याटप्प्याने बसविली. त्यांपैकी एका यंत्रावर ती बसवावयाची राहून गेली. नव्या प्रणालीत एका जुन्या खुणेला नवा अर्थ देण्यात आला होता. सात यंत्रांनी ती खूण नव्या अर्थाने वाचली आणि आठव्याने जुन्या अर्थाने. जुना अर्थ होता तो कधीच वापरातून गेलेल्या व्यवहारपद्धतीचा. सुमारे ४५ मिनिटांत पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. दोष नव्या प्रणालीत असावा अशा समजुतीने ती ज्या सात यंत्रांवर बरोबर बसली होती तेथूनच काढून टाकण्यात आली, आणि दोष वाढला. आठांना मिळून ‘यंत्रणा’ हे एकवचनी नाव दिले गेले होते. त्यामुळे एकाचे वेगळेपण नावाखाली झाकले गेले.

४

अपवादाची ही गोष्ट उत्तराच्या प्रश्नाकडे नेते. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक परत करते : शून्य म्हणजे होकार, अन्य कोणताही अंक म्हणजे नकार. दूरच्या आज्ञेच्या बाबतीत मात्र नकार दोन प्रकारचे असतात. ‘सांगितले, पण केले नाही’ हा एक, आणि ‘सांगताच आले नाही’ हा दुसरा. एसएसएच दुसऱ्या प्रकारासाठी २५५ हा अंक राखून ठेवते. पण दूरच्या आज्ञेनेच २५५ परत केला तर दोहोंतील भेद पुसला जातो. पीडीएसएचला तशी सूचना दिली असता ते सर्व उत्तरांपैकी सर्वांत मोठा अंक कळविते. शंभर यंत्रांपैकी नव्व्याण्णवांनी होकार दिला काय किंवा एकानेच दिला काय, अखेरचा अंक सारखाच येऊ शकतो. समूहाच्या उत्तराचे हे संक्षेपण म्हणजे सभेत कोणी विरोध केला एवढे नोंदवून किती जणांनी केला हे न लिहिण्यासारखे आहे.

याउलट उत्तरांच्या एकत्रीकरणाची जी दुसरी रीत या साधनांत आहे ती मनःपूर्वक प्रशंसेस पात्र आहे. शंभर यंत्रांनी दिलेली शंभर उत्तरे एकाखाली एक छापण्याऐवजी, ज्यांची उत्तरे अक्षरशः एक आहेत त्यांची नावे एकत्र करून उत्तर एकदाच दाखवावयाचे, आणि जे वेगळे बोलले त्यांना वेगळे उभे करावयाचे. मीमांसकांनी अनेक वाक्यांचा एका प्रयोजनात मेळ घालण्याला एकवाक्यता म्हटले. येथील एकवाक्यता अर्थाची नसून निव्वळ अक्षरांची आहे. तरीही तिचे खरे मोल एकमत दाखविण्यात नसून मतभेद उघड करण्यात आहे. आठव्या यंत्राचे उत्तर असे वेगळे छापले गेले असते तर ते डोळ्यांत भरल्यावाचून राहिले नसते.

मात्र काही यंत्रे उत्तरच देत नाहीत, आणि मौनाचा अर्थ लावण्याचे साधन कोणत्याही आज्ञाभाषेजवळ नाही. आज्ञा पोचण्यापूर्वी संबंध तुटला, की पाळली गेल्यानंतर उत्तर वाटेत हरवले? जिम ग्रे यांनी १९७८ साली ही अडचण दोन सेनापतींच्या दृष्टान्ताने सांगितली. शत्रूच्या खोऱ्यातून निरोप्या पाठवून एकाच वेळी हल्ला करण्याचे ठरवू पाहणारे दोन सेनापती कितीही पोचपावत्या पाठवोत, शेवटची पावती पोचली की नाही हा संशय उरतोच. तेव्हा ही अडचण साधनाच्या सुधारणेने नाहीशी होणारी नव्हे. उत्तर न देणाऱ्याला पुन्हा आज्ञा द्यावी, हाच मार्ग उरतो. आणि पुन्हा आज्ञा देणे निर्धोक आहे की नाही, हे आज्ञेच्या जातीवर अवलंबून असते.

५

येथे मराठी व्याकरणातील एक भेद उपयोगी पडतो. आपले व्याकरणकार आज्ञार्थ आणि विध्यर्थ वेगळे मानतात : ‘दार लाव’ हा आज्ञार्थ, ‘दार लावलेले असावे’ हा विध्यर्थ. दार आधीच लागलेले असेल तर पहिल्या वाक्याने ऐकणारा गोंधळतो. दुसऱ्या वाक्याचे समाधान झालेलेच असते. आणखी एक विशेष असा की, ‘त्याने दार लावावे’ आणि ‘त्यांनी दार लावावे’ यांत क्रियापद बदलत नाही. विध्यर्थात क्रियापद कर्त्याच्या वचनाकडे पाहत नाही. त्याची नजर करावयाच्या गोष्टीवर असते.

संगणक-समूहांच्या आज्ञाभाषेत हाच पालट घडला आहे. ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ साली रचलेल्या ‘सीएफइंजिन’मध्ये ‘हे कर’ असे सांगण्याऐवजी ‘अशी स्थिती असावी’ असे सांगण्याची पद्धत आली. २००५ सालचे ‘पपेट’ आणि २०१२ सालचे ‘अ‍ॅन्सिबल’ याच वाटेने गेले. फाइलीच्या शेवटी एक ओळ जोडण्याची साधी आज्ञा दोनदा दिली तर दोन ओळी होतात. ‘ही ओळ फाइलीत असावी’ हा विधी शंभरदा सांगितला तरी ओळ एकच राहते. ज्या यंत्राने मौन पाळले त्याला तोच विधी निःशंकपणे पुन्हा सांगता येतो. मौनाचा अर्थ कळला नाही तरी त्यापासून होणारी हानी टळते, हा या पालटाचा सर्वांत मोठा लाभ होय. अ‍ॅन्सिबलच्या अखेरच्या गोषवाऱ्यात ‘ठीक’, ‘बदलले’, ‘पोचता आले नाही’ आणि ‘फसले’ अशी वेगवेगळी खाती असतात. आज्ञार्थाच्या काळात एका अंकात कोंबलेले अर्थ येथे सुटे झाले आहेत.

तथापि विध्यर्थाचे रूप धारण केले म्हणजे विध्यर्थ झाला, असे नव्हे. अ‍ॅन्सिबलमध्ये सेवा ‘चालू असावी’ असे सांगता येते, तसेच ती ‘पुन्हा सुरू केलेली असावी’ असेही सांगता येते. दोन्ही पदे स्थितिवाचक दिसतात. पहिले खरोखरच स्थिती सांगते. दुसरे मात्र जेव्हा जेव्हा उच्चारावे तेव्हा तेव्हा सेवा बंद करून पुन्हा सुरू करते. तो विध्यर्थाच्या वेषातील आज्ञार्थ आहे. शिवाय जेथे तयार विधी सापडत नाही तेथे सरळ शेलची ओळ लिहिण्याची मुभा ठेवलेली आहे, आणि घाईच्या वेळी त्या मुभेचा आश्रय घेतला जातो. अशा ओळींनी भरलेली विधिसंहिता वाचताना तिचे पुनरुच्चारण निर्धोक आहे असा भरवसा वाचणाऱ्याला वाटतो, आणि तो भरवसा खोटा असतो. उघड्या आज्ञार्थापेक्षा हा प्रकार अधिक धोक्याचा. कारण उघडा आज्ञार्थ निदान सावध तरी करतो.

बर्जेस यांचा पुढील विचार या मर्यादेपलीकडे पाहणारा आहे. २००५ साली निबंधरूपाने मांडलेल्या त्यांच्या उपपत्तीप्रमाणे कोणताही घटक दुसऱ्याच्या वर्तनाविषयी काही ठरवू शकत नाही. तो केवळ स्वतःच्या वर्तनाविषयी वचन देऊ शकतो. आज्ञा वरून खाली ढकलावयाची नाही. प्रत्येक यंत्राने नेमून दिलेली स्थिती स्वतः वाचावयाची आणि स्वतः राखावयाची. पपेटची यंत्रे ठरावाप्रमाणे दर अर्ध्या तासाने अशी विचारणा करतात. बंद पडलेले यंत्र उठले की आपणहून रांगेत येते. मराठीत ‘वचन’ हा एकच शब्द संख्येसाठी आणि शपथेसाठी आहे हा योगायोग असला, तरी अनेकवचनाची अडचण वचनबद्धतेने सुटावी, हे चित्र बोलके आहे.

६

विध्यर्थाने पुनरुक्तीचा धोका दूर केला. संबोधनाचा धोका मात्र त्याने दूर केलेला नाही. चुकीच्या यंत्रांना सांगितलेला विधी तितक्याच निष्ठेने पाळला जातो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील एस-थ्री या साठवण-सेवेत हेच घडले. देयकांच्या उपयंत्रणेतील मंदपणाचा शोध घेताना अधिकार असलेल्या एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार मोजकी यंत्रे बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक मूल्य चुकीचे लिहिले गेले आणि अपेक्षेहून कितीतरी अधिक यंत्रे काढली गेली. त्यांत सेवेच्या दोन मूलभूत उपयंत्रणांची यंत्रे होती. सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला, आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे तोवर खोळंबून राहिली.

या अपघातात वक्ता अधिकृत होता, क्रियापद योग्य होते, कार्यपद्धती ठरलेली होती. चुकले ते केवळ ‘किती जणांना’ हे. कंपनीने नंतर जे केले ते लक्षणीय आहे. माणसाला अधिक सावध राहण्याचा उपदेश करून ती थांबली नाही. तिने भाषा बदलली. यंत्रे काढण्याचे साधन मंदगतीने चालेल असे करण्यात आले, आणि कोणतीही उपयंत्रणा किमान आवश्यक क्षमतेखाली जात असल्यास आज्ञा नाकारली जाईल असा निर्बंध घालण्यात आला. श्रोत्याला नाही म्हणण्याचा अधिकार मिळाला.

या साऱ्या विवेचनातून चांगल्या आज्ञाभाषेच्या काही कसोट्या हाती येतात. तिने संबोधिलेल्यांची संख्या आणि नावे क्रिया घडण्यापूर्वी वक्त्यासमोर उच्चारली पाहिजेत. ‘येथे’ आणि ‘तेथे’ यांतील सीमा तिने चिन्हांच्या सूक्ष्मतेवर न सोडता उघड दाखविली पाहिजे. नकार, मौन आणि अप्राप्ती यांना तिने वेगळी नावे दिली पाहिजेत. क्रिया आणि स्थिती यांचे वेष तिने अदलाबदल होऊ देता कामा नयेत. आणि एकमताच्या गोषवाऱ्यात वेगळे बोलणारे एखादे यंत्र हरवणार नाही, याची काळजी तिने घेतली पाहिजे. आजच्या साधनांपैकी एकही या सर्व कसोट्यांना पुरेपूर उतरत नाही. परंतु प्रत्येक कसोटी कोणत्या ना कोणत्या साधनाने अंशतः साधलेली आहे, ही आशेची बाजू होय.

‘करा’ हा एक शब्द शंभरांना उद्देशून उच्चारणे फार सोपे झाले आहे. एकाला सांगणे आणि हजारांना सांगणे यांत वक्त्याला जाणवेल असा काहीच भेद उरू नये, हे या साधनांचे यश मानले जाते. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता हाच त्यांचा मूळ दोष ठरतो. वचनाचा भेद भाषेत असतो तो बोलणाऱ्याला आपण कितीजणांविषयी बोलत आहोत याची जाणीव ठेवण्यासाठी. ती जाणीव जेथे क्रियापदातून गेली तेथे ती अन्य कोठून तरी परत आणावीच लागते.